सुया, टाचण्या आणि किणकिणत्या तारा : 'द सर्चर्स' आणि उसन्या गाण्यांचा इतिहास

१/२४
जानेवारी १९६४ च्या अखेरीस ब्रिटनमधील रेकॉर्डविक्रीच्या यादीत 'नीडल्स अँड पिन्स' हे गाणे पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तीन आठवडे तेथून हलले नाही. गाणारे चौघे तरुण लिव्हरपूलचे होते, पण ते बीटल्स नव्हते. त्यांच्या गटाचे नाव 'द सर्चर्स'. आज हे नाव संगीताच्या इतिहासग्रंथांत बहुधा तळटीपेत भेटते. ते तळटीपेत का गेले आणि तेथेच राहावे का, याचा शोध या धाग्यात घेऊ.

२/२४
उपेक्षेचे कारण सहसा एका वाक्यात सांगितले जाते : त्यांनी स्वतःची गाणी लिहिली नाहीत, इतरांची गायली. एम. ए. च्या पहिल्या वर्षी मीही माझ्या टिपणवहीत त्यांच्या नावापुढे 'अनुकरण करणारा गट' एवढेच लिहून पान उलटले होते. पुढे कानांना हेडफोन लावून मूळ गाणे आणि त्यांचे गाणे पाठोपाठ ऐकले, तेव्हा त्या तीन शब्दांची लाज वाटली. हा धागा म्हणजे त्या टिपणाची दुरुस्ती समजा.

३/२४
प्रथम पार्श्वभूमी. १९५६ मध्ये लॉनी डॉनेगन या गायकाच्या 'रॉक आयलंड लाइन' या गाण्याने ब्रिटनमध्ये 'स्किफल'ची लाट आणली. एक स्वस्त गिटार, कपडे धुण्याची खरबरीत पत्र्याची फळी आणि चहाच्या खोक्याला काठी व दोरी बांधून केलेले खर्जाचे वाद्य, एवढ्यावर मैफल उभी राहत असे. संगीताचे रीतसर शिक्षण नसलेली हजारो मुले त्यामुळे वादक झाली. लिव्हरपूलच्या जॉन मॅकनॅलीने सुरू केलेला सर्चर्स हा गटही मुळात स्किफलचाच.

४/२४
नावही उसनेच. जॉन फोर्ड दिग्दर्शित आणि जॉन वेन अभिनीत 'द सर्चर्स' हा अमेरिकन चित्रपट १९५६ चा. लिव्हरपूलच्या कामगारवस्तीतील मुलांना चित्रपटगृहाच्या पडद्यावर दिसणारी अमेरिका हे एक स्वप्न होते. युद्धातील बॉम्बवर्षावाने, विशेषतः मे १९४१ च्या हल्ल्यांनी, त्यांच्या शहराची पडझड झाली होती आणि तिच्या खुणा अजून पुसल्या नव्हत्या. अशा शहरातील मुलांनी आपल्या गटाला 'शोधणारे' असे नाव घेतले. पुढे ते अक्षरशः खरे ठरले.

५/२४
साधनांचा प्रश्न मोठा होता. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये डॉलरची टंचाई असल्यामुळे अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. ते १९५९ मध्ये उठले. तोपर्यंत युरोपीय बनावटीच्या गिटारींवर भागवावे लागे आणि त्याही बहुधा हप्त्यांवर घेतल्या जात. दुसरा बदल सैन्यभरतीचा. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तरुणांना बोलावणे १९६० मध्ये थांबले. अठराव्या वर्षी गट मोडून छावणीत जाण्याची वेळ पुढच्या पिढीवर आली नाही. बीट संगीताच्या उदयामागे ही दोन अगदी कोरडी, सरकारी कारणे आहेत.

६/२४
आता 'बीट' म्हणजे काय? दोन गिटारी, एक बेस गिटार, एक ड्रमसंच आणि दोन-तीन जणांचे मिळून गाणे. चार मात्रांचा सरळ ठेका, त्यातील दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठसठशीत आघात. सॅक्सोफोन नाही, व्हायोलिनांचा ताफा नाही. नृत्यगृहात पाय थांबू नयेत, हा एकमेव उद्देश. जुलै १९६१ मध्ये बिल हॅरी याने लिव्हरपुलात 'मर्सी बीट' हे वृत्तपत्र सुरू केले आणि मर्सी नदीकाठच्या या नादाला छापील ओळख मिळाली.

७/२४
अमेरिकन गाणी लिव्हरपुलात आली कशी? लोकप्रिय कथा अशी की, न्यूयॉर्कला ये-जा करणाऱ्या जहाजांवरील खलाशी दुर्मीळ रेकॉर्ड घेऊन येत. कथा रम्य आहे, परंतु संशोधकांनी तिच्याविषयी शंका घेतली आहे. कारण यांतील पुष्कळ गाणी ब्रिटनमध्येच मिळत होती. डेका कंपनी आपल्या 'लंडन' या नाममुद्रेखाली अमेरिकन ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध करत असे. रात्री रेडिओ लक्झेंबर्ग लागे. लिव्हरपूलच्या दुकानांत तास न् तास रेकॉर्ड चाळणारी मुले होती. जहाजाइतकेच श्रेय दुकानाच्या गल्ल्यालाही द्यावे लागेल.

८/२४
बीबीसीची एक अडचणही येथे ध्यानात घ्यावी. वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला आठवड्यात ठरावीक तासांपलीकडे रेकॉर्ड वाजवता येत नसत. अमेरिकन गाणे मूळ स्वरूपात कानांवर पडणे त्यामुळे दुर्मीळ होते. साहजिकच, जो गट ते गाणे शोधून काढील आणि नृत्यगृहात प्रत्यक्ष वाजवील, त्याला मान होता. दुसऱ्याचे गाणे गाणे ही त्या काळी चोरी समजली जात नसे. ती जाणकारी होती.

९/२४
सर्चर्समधील हा जाणकार म्हणजे ड्रमवादक ख्रिस कर्टिस. अपरिचित अमेरिकन रेकॉर्ड हुडकण्याची त्याला विलक्षण दृष्टी होती. उरलेले तिघे : गिटारवर मॅकनॅली आणि माइक पेंडर, बेसवर टोनी जॅक्सन. लिव्हरपूलचा 'आयर्न डोअर' क्लब हे त्यांचे घरचे मैदान. १९६२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात 'स्टार क्लब' सुरू झाला. तेथेही त्यांनी मुक्काम ठोकला. एका रात्रीत अनेक फेऱ्या वाजवाव्या लागत. गाण्यांचा साठा मोठा असणे ही तेथे पोटापाण्याची गरज होती.

१०/२४
१९६३ मध्ये आयर्न डोअरमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणाच्या आधारे लंडनच्या पाय कंपनीने त्यांना करारबद्ध केले. निर्माता होता टोनी हॅच. पहिलेच गाणे, 'स्वीट्स फॉर माय स्वीट', ऑगस्टमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. मूळ गाणे १९६१ मधले. लिहिणारे डॉक पोमस आणि मॉर्ट शुमन, गाणारे 'द ड्रिफ्टर्स', अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांचा नामवंत गट. सर्चर्सनी त्यातील सफाईदार डौल बाजूला ठेवला, गिटारी पुढे आणल्या आणि गाणे धावते केले.

११/२४
येथे थोडे थांबून एक अप्रिय गोष्ट नोंदवू. सर्चर्सच्या यशस्वी गाण्यांपैकी कित्येकांच्या मागे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत उभे आहेत : ड्रिफ्टर्स, 'द ऑर्लन्स', 'द क्लोव्हर्स'. लिव्हरपूलच्या चार गोऱ्या तरुणांना जे जगभर मिळाले, ते या गटांना त्याच गाण्यांवर मिळाले नाही. तेव्हा सर्चर्सना तळटीपेतून वर काढताना ड्रिफ्टर्सना खाली ढकलणे हा न्याय नव्हे. साखळीतील प्रत्येक कडी मोजायची असेल, तर सगळ्याच मोजाव्या लागतील.

१२/२४
आता मुख्य साक्षीदाराकडे वळू. 'नीडल्स अँड पिन्स' हे गाणे लॉस एंजेलिसमध्ये जन्मले. लेखनाचे श्रेय जॅक निट्शे आणि सनी बोनो यांच्या नावावर आहे. दोघेही प्रख्यात निर्माता फिल स्पेक्टर याच्याबरोबर काम केलेले. १९६३ मध्ये ते प्रथम गायले जॅकी डीशॅनन या तरुण गायिकेने. तिचा आवाज दमदार, आर्जवी आणि किंचित फाटलेला आहे. गाणे उत्तम, पण अमेरिकेच्या यादीत ते पहिल्या पन्नासांतही आले नाही.

१३/२४
सर्चर्सना ते भेटले हॅम्बुर्गला, स्टार क्लबमध्ये. तेथे क्लिफ बेनेट हा इंग्रज गायक आपल्या गटासह ते गात असे. म्हणजे लॉस एंजेलिसमधील गाणे एका लंडनकडच्या गायकाच्या तोंडून, जर्मनीतील बंदरात, लिव्हरपूलच्या मुलांनी उचलले. एक गमतीची खूण पाहा. डीशॅनन 'पिन्स' शब्दाच्या शेवटी 'अ'सारखा एक जादा स्वर सोडते. पेंडरच्या गाण्यातही तो तसाच आला आहे. हस्तलिखितांच्या नकलांमध्ये लेखनिकाची लकब पुढच्या प्रतीत उतरावी, तसा हा प्रकार. उगम शोधताना अशा खुणा फार उपयोगी पडतात.

१४/२४
मात्र नक्कल येथेच संपते. डीशॅननच्या गाण्यात दाट वाद्यमेळ आहे. सर्चर्सच्या गाण्यात प्रारंभीच गिटारीचा एक स्वच्छ, लखलखीत किणकिणाट ऐकू येतो आणि अख्खे गाणे त्याच्यावर तरंगत राहते. हा नाद ऐकून अनेकांना ती बारा तारांची गिटार वाटली. वस्तुतः त्या होत्या साध्या सहा तारांच्या दोन गिटारी. एकच पलटा त्यांवर बरोबरीने वाजवला आणि त्याला प्रतिध्वनीची जोड दिली. साधनाची उणीव कल्पकतेने भरून काढली.

१५/२४
दोन गिटारींनी असा चमत्कार का घडतो? दिंडीतील टाळ आठवा. सारे वारकरी एकाच मात्रेवर टाळ वाजवतात, परंतु कोणाचेच दोन आघात तंतोतंत एका क्षणी पडत नाहीत. त्या सूक्ष्म फरकामुळे नाद रुंद होतो आणि थरथरतो. दोन गिटारींचे स्वरही केसभर मागेपुढे, केसभर चढेउतरे असतात. कान त्यांना वेगळे काढू शकत नाही. त्याला फक्त एक झळाळी जाणवते. पाश्चात्त्य संगीतात पुढे या झळाळत्या गिटारनादाची एक स्वतंत्र परंपराच झाली.

१६/२४
या नादावर पेंडरचा आवाज येतो तो संयत, जवळजवळ सपाट. कर्टिसचा उंच स्वर त्याला वरून साथ देतो. गाण्याचा विषय प्रेमभंगाचा आणि दुखावलेल्या अभिमानाचा. डीशॅनन ते दुःख उघड मांडते. पेंडर ते दाबून ठेवतो आणि त्याने लपवलेली बोच गिटारीच्या तारा बोलून दाखवतात. इंग्लंडमध्ये तेव्हा पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागता येत असे. सुमारे साडेसहा शिलिंगांची रेकॉर्ड स्वतःच्या पगारातून विकत घेणाऱ्या त्या मुलामुलींना हा न रडणारा विलाप आपला वाटला असावा, असे मला वाटते.

१७/२४
याच ध्वनिमुद्रणात एक दोषही जतन झाला आहे. गाण्याच्या सुरुवातीला नीट कान दिला, तर ड्रमचे पायाने दाबायचे पेडल कुरकुरताना ऐकू येते. ती कुरकुर कोणी पुसली नाही आणि ब्रिटनमधील पहिल्या क्रमांकाच्या गाण्यात ती कायमची राहिली. मला ती फार प्रिय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदावरील बोटाचा ठसा पाहून जो आनंद होतो, तोच आनंद ही कुरकुर देते : येथे खरोखर एक माणूस बसला होता, त्याचा पाय हलत होता.

१८/२४
आता या नादाचा परतीचा प्रवास. फेब्रुवारी १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची विद्युत गिटार मिळाली. त्याच वर्षी त्यांचा 'अ हार्ड डेज नाइट' चित्रपट आला. तो पाहून अमेरिकेतील रॉजर मॅग्विनने तशीच गिटार घेतली. सर्चर्सनीही शरद ऋतूत 'व्हेन यू वॉक इन द रूम' बारा तारांवर वाजवले. ते गाणे कोणी लिहिले होते? पुन्हा जॅकी डीशॅननने. कर्टिस आणि मंडळींनी आपला झरा बरोबर ओळखला होता.

१९/२४
मॅग्विनचा गट म्हणजे 'द बर्ड्स'. १९६५ मध्ये त्यांच्या 'मिस्टर टँबुरीन मॅन'ने लोकगीत आणि बीट यांचा संगम घडवला. त्यांच्या पहिल्या संग्रहातील 'आय'ल फील अ होल लॉट बेटर' या गाण्याचा गिटारपलटा उघडच 'नीडल्स अँड पिन्स'वर बेतलेला आहे. त्याच संग्रहात डीशॅननचेही एक गाणे आहे. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये निघालेले गाणे हॅम्बुर्ग, लिव्हरपूल, लंडन असा फेरा करून, नवा नाद घेऊन, अवघ्या दोन वर्षांत लॉस एंजेलिसला परतले. १९६५ च्या अखेरीस हॅरिसननेही बर्ड्सचा एक पलटा उसना घेतला. कोण कोणाचे ऋणी, हे सांगणे येथे अवघड होते.

२०/२४
सर्चर्सचा कान केवळ नृत्यापुरता नव्हता, हेही नोंदवायला हवे. १९६४ च्या अखेरीस त्यांनी 'व्हॉट हॅव दे डन टू द रेन' हे माल्विना रेनॉल्ड्स हिचे गाणे काढले. हळुवार चालीचे हे गाणे अणुचाचण्यांमुळे पावसातून खाली येणाऱ्या किरणोत्सारी कणांविषयी आहे. वातावरणातील चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९६३ मध्येच झाला होता. निषेधाचे लोकगीत आणि विद्युत गिटार एकत्र येण्याची ही, बर्ड्सच्याही आधीची, एक महत्त्वाची पायरी आहे.

२१/२४
मग तळटीप का? उत्तर काही अंशी हिशेबात आहे. १९५६ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार रेकॉर्डच्या किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के रक्कम रचनेच्या हक्कधारकांकडे जाई. नवा नाद, नवी मांडणी, नवा पलटा शोधणाऱ्याला त्या नावाने काहीच नाही. निर्माता टोनी हॅचने 'शुगर अँड स्पाइस' हे गाणे फ्रेड नाइटिंगेल या टोपणनावाने लिहून सर्चर्सकडून गाऊन घेतले. ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. रेकॉर्डच्या गोल कागदावर रचनाकाराचे नाव छापले जाते. किणकिणाट कोणाचा, हे छापण्याची जागाच नसते.

२२/२४
बीटल्सनंतर 'खरा कलावंत तोच, जो स्वतः लिहितो' हा दंडक रूढ झाला आणि समीक्षकांनी तो मागे जाऊन जुन्या गटांनाही लावला. सर्चर्सनी प्रयत्न केला नाही असे नाही. कर्टिस आणि पेंडर यांनी लिहिलेले 'हीज गॉट नो लव्ह' १९६५ मध्ये बाराव्या क्रमांकापर्यंत गेले. पण ओघ आटला. जॅक्सन १९६४ मध्येच बाहेर पडला होता आणि फ्रँक अॅलन आला होता. १९६६ मध्ये कर्टिसही गेला. पुढे 'डीप पर्पल' हा गट ज्या योजनेतून उभा राहिला, तिची मूळ कल्पना त्याची. तेथेही तो टिकला नाही. आयुष्याची बरीच वर्षे त्याने करखात्यात नोकरी केली. २००५ मध्ये तो वारला.

२३/२४
उरलेले वाजवत राहिले. ज्यांच्याकडे रचनेचे हक्क नसतात, त्यांची कमाई मुख्यतः प्रत्यक्ष कार्यक्रमांवर अवलंबून असते, हेही त्यामागे एक कारण असणार. १९८५ मध्ये पेंडर वेगळा झाला. मॅकनॅली आणि अॅलन यांनी गट चालवला. जून २०२५ मध्ये ग्लॅस्टनबरी महोत्सवात सर्चर्सनी आपला अखेरचा कार्यक्रम केला. तेव्हा मॅकनॅलीने वयाची ८० वर्षे ओलांडली होती. सहा दशकांहून अधिक काळ हा मनुष्य तोच पलटा वाजवत होता.

२४/२४
माझ्या वहीतील 'अनुकरण करणारा गट' हे शब्द मी खोडले आणि तेथे लिहिले : 'गाणे उसने, नाद स्वतःचा, उसनवारीची यादी सोबत जोडावी.' आपणास सवड असेल तर तीन ध्वनिमुद्रणे याच क्रमाने ऐका : डीशॅननचे 'नीडल्स अँड पिन्स', सर्चर्सचे 'नीडल्स अँड पिन्स', बर्ड्सचे 'आय'ल फील अ होल लॉट बेटर'. तिन्ही मिळून दहा मिनिटेही लागणार नाहीत. हेडफोन अवश्य लावा आणि दुसऱ्या गाण्यातील पेडलची कुरकुर सापडली, तर खाली जरूर कळवा.

(समाप्त)